बाग आखावी मे महिन्यासाठी

कलबुर्गीहून आळंदकडे जाणाऱ्या रस्त्यावर, साधारण मधोमध, कडगंची लागते. दत्तभक्तांना हे गाव नृसिंहसरस्वतींचे शिष्य सायंदेव यांचे म्हणून ठाऊक आहे. गुरुचरित्रकार सरस्वती गंगाधर याच घराण्यातले, त्यामुळे गाणगापूरला निघालेले महाराष्ट्रातले यात्रेकरू वाट वाकडी करून इथे येतात. 2009 साली स्थापन झालेल्या कर्नाटक केंद्रीय विद्यापीठाचा साडेसहाशे एकरांचा परिसरही याच शिवारात आहे. देवस्थान, विद्यापीठ आणि डांबरी रस्ता एकाच ठिकाणी आले, की तुरीच्या रानात फक्कीच्या रेघा आणि सिमेंटचे खुंट उगवायला वेळ लागत नाही.

नव्या लेआउटच्या जाहिरातपत्रकात बाग हमखास असते. चित्रात हिरवेगार लॉन, कमानीपाशी बाटलीच्या आकाराचे पाम, वळणदार पायवाट आणि कारंजे. चित्र बहुतेक श्रावणातले असते. प्लॉट ताब्यात येतो आणि घर बांधून माणूस राहायला जातो तेव्हा पहिला मे महिना उजाडतो, नि त्या चित्रातले काय काय उरले हे कळते. म्हणूनच कडगंची, आळंद, हुमनाबाद, बसवकल्याण, उदगीर, अक्कलकोट या सगळ्या पट्ट्यात बाग आखताना पहिला नियम हा धरावा: आराखडा मे महिन्यासाठी करायचा. श्रावणात तर बांधावरचे गवतही देखणे दिसते.

या पट्ट्यात मे महिन्यात पारा 42 ते 45 अंशांपर्यंत जातो. शिवाय कलबुर्गीचे अक्षांश 17 अंशांच्या थोडे वर असल्याने मेच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. भिंतीची सावली भिंतीच्या पायाशीच संपते. त्या वेळी सावली मिळते ती फक्त वरून पसरलेल्या फांद्यांची. पाऊस वर्षाला साडेसातशे-आठशे मिलिमीटरच्या आसपास, पण तो लहरी आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. चारच वर्षांनी, ऑक्टोबर 2020 मध्ये, भीमेच्या पुराने कलबुर्गी जिल्ह्यातली गावे वेढली. बागेला ही दोन्ही टोके झेपली पाहिजेत.

जेसीबी येण्याच्या आधी

लँडस्केपिंग म्हणजे शेवटी लावायची झाडे, असा समज बिल्डरांत आहे तसाच गिऱ्हाइकांतही आहे. प्रत्यक्षात सर्वात मोठे नुकसान पहिल्या आठवड्यातच होते. सपाटीकरणाला आलेला जेसीबी वरची सुपीक माती खालच्या चोपणात आणि मुरमात मिसळून टाकतो. पिढ्यानपिढ्या शेणखत खाल्लेली ही वरची सहा ते बारा इंच माती आधी वेगळी काढून, कोपऱ्यात ढीग लावून ठेवावी. ढीग पुरुषभर उंचीपेक्षा जास्त नसावा, नाहीतर आतल्या मातीला हवा मिळत नाही. बांधकाम संपल्यावर हीच माती बागेत परत पसरायची. ट्रक भरून ‘लाल माती’ विकत आणण्याचा खर्च त्यामुळे वाचतो. आधी स्वतःची काळी माती पुरायची आणि मग दुसऱ्याची लाल माती विकत घ्यायची, हा उद्योग अनेक लेआउटांत चालतो.

शेतातली जुनी झाडेही याच वेळी नकाशावर उतरवावीत. बांधावरचा कडुनिंब, विहिरीजवळची चिंच, ओढ्याकाठचा करंज यांचे वय पैशाने विकत मिळत नाही. रस्ता पाच फूट सरकवून चिंच वाचत असेल तर रस्ता सरकवावा. मात्र वाचवलेल्या झाडाच्या बुंध्याशी भराव टाकू नये. फांद्या जेवढ्या पसरल्या आहेत तेवढ्या घेरात ट्रक उभे राहू देऊ नयेत, सिमेंट कालवू देऊ नये. मुळांवर माती दाबली गेली की झाड लगेच मरत नाही. दोन-तीन वर्षांनी शेंड्याकडून वाळत येते, आणि तोवर ठेकेदार कधीच निघून गेलेला असतो.

ओढे आणि नाल्यांचेही असेच आहे. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी घळ बुजवून तिथे प्लॉट पाडणे सोपे असते. 2020 सारख्या पावसाला जुनी वाट बरोबर आठवते. नैसर्गिक उतार आणि पाण्याची वाट जिथे आहे तिथेच बागेची मोकळी जागा ठेवली, तर पाणी निघून जायला जागा मिळते आणि बागेलाही ओल मिळते.

काळ्या मातीचा स्वभाव

कलबुर्गी जिल्ह्याच्या पूर्वेला शहाबाद, चित्तापूर, सेडम हा चुनखडीच्या दगडाचा पट्टा आहे. पश्चिमेला आळंदकडे मात्र बेसॉल्टपासून झालेली काळी, कापसाची माती. ही माती तुरीला मानवते. कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. बांधकामाशी मात्र तिचे जमत नाही. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराचा पाया इंजिनिअर सांभाळतो, पण बागेतली पायवाट, कट्टे, कुंपणाची बुटकी भिंत आणि पाइपलाइन यांचा विचार कोणी करत नाही. पहिल्या दोन वर्षांत तडे जातात ते इथेच.

पायवाटेखालची काळी माती किमान फूटभर काढून तिथे मुरूम भरून दाबून घ्यावा. वर वाळूचा थर, त्यावर फरशी. शहाबादी फरशी जवळच मिळते, स्वस्त पडते आणि या मुलखात शोभतेही. तिचे सांधे सिमेंटने घट्ट भरू नयेत. सुटे सांधे जमिनीबरोबर थोडे हलतात आणि बसलेली फरशी उचलून पुन्हा नीट लावता येते. शिवाय पाणी खाली जिरते. सगळे अंगण पेव्हर ब्लॉकने मढवण्याची हौस असेल, तर ते दुपारी किती तापतात हे एकदा अनवाणी चालून पाहावे.

झाड घरापासून किती लांब लावावे, हा प्रश्नही काळ्या मातीत वेगळाच होतो. आकसणाऱ्या चिकणमातीतले पाणी मोठे झाड ओढून घेते, माती आणखी आकसते आणि हलका पाया खचतो. इंग्लंडमध्ये 1976 च्या कोरड्या उन्हाळ्यानंतर चिकणमातीवरच्या असंख्य घरांना असे तडे गेले आणि तिथल्या विमा कंपन्या हादरल्या. तेव्हापासून तिथे झाडाची जात आणि उंची पाहून पायाची खोली ठरवतात. आपल्याकडे साधा ठोकताळा पाळावा: कडुनिंब, चिंच, शिरीष यांसारखी मोठी झाडे घरापासून पंचवीस-तीस फूट लांब, आणि वड-पिंपळ-औदुंबर फक्त सार्वजनिक मोकळ्या जागेत. तीस बाय चाळीस फुटांच्या प्लॉटमध्ये मोठ्या झाडाला जागा नसते हे मान्य करावे. तिथे शेवगा, कढीपत्ता, लिंबू, पारिजातक, तगर पुरे.

कडगंचीसारख्या दत्तक्षेत्राच्या आसपास प्रत्येक वसाहतीत कोणीतरी औदुंबर लावणारच, आणि लावावाच. मात्र त्याची मुळे पाण्याच्या शोधात दूर जातात आणि फळे वर्षातून अनेकदा पडून खाली चिकट सडा होतो. म्हणून तो पाण्याच्या टाकीपासून आणि गाड्यांच्या जागेपासून दूर, पार बांधून, ओलीच्या जागी लावावा. पाखरे आपणहून येतात.

खड्डा खणताना आणखी एक चूक सर्रास होते. काळ्या मातीत तीन फुटांचा खड्डा घेऊन तो नुसत्या शेणखताने आणि वाळूने भरला, की पावसाळ्यात त्या खड्ड्याचा हौद होतो. भोवतालची माती पाणी सोडत नाही आणि मुळे कुजतात. खड्ड्यातली मूळ मातीच दोन भाग घ्यावी, एक भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळावे आणि रोप जमिनीच्या पातळीपेक्षा दोन-तीन इंच उंचावर बसवावे. आळे बुंध्याला चिकटून न करता थोडे दूर, गोल करावे. माती आणि पाणी तपासून घेण्यासाठी कृषी विज्ञान केंद्राकडे जावे. कलबुर्गीचे केंद्र आळंद रस्त्यावरच आहे. चुनखडीच्या जमिनीत पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या तर तो बहुधा लोहाच्या कमतरतेचा प्रकार असतो, त्याला युरियाचा उपयोग नाही.

बिदरचे गणित निराळे. तिथे जांभ्याचे पठार आहे. पाणी झरझर खाली जाते. बहमनी काळात, 15 व्या शतकात, नौबादजवळ जमिनीखालून पाणी वाहून नेणारी कारेज खोदली गेली ती याच दगडात. तिथे तडे जाण्याची भीती कमी, पण माती उथळ असल्याने पाणी धरून ठेवण्यासाठी आच्छादनावर जास्त भर द्यावा लागतो.

लॉनचा हिशेब

एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. मे महिन्यात लॉन हिरवे ठेवायचे तर रोज सहा मिलिमीटर तरी लागते. म्हणजे हजार चौरस मीटर लॉनला, एका एकराच्या चौथाईला, रोज सहा हजार लिटर. आठवड्याला बेचाळीस हजार. याच पाण्याची दुसरी बाजू पाहावी: नव्या शंभर झाडांना आठवड्यातून दोनदा वीस-वीस लिटर दिले तर आठवड्याला चार हजार लिटर होतात. दोन-तीन वर्षांनी त्यातली बरीच झाडे पाणी मागणेही सोडतात, आणि तोवर सावली सुरू झालेली असते. लॉनचे मागणे कधी संपत नाही.

लॉन अजिबात नको असे नाही. मुलांना लोळायला, म्हाताऱ्यांना संध्याकाळी बसायला चार-पाचशे चौरस मीटरचा तुकडा ठेवावा, आणि तो हरळीचा. ती उन्हाळ्यात पिवळी पडते आणि पहिल्या वळवाने परत उठते. मखमली जातीच्या गवताचे गठ्ठे आणून कमानीपासून प्रत्येक दुभाजकापर्यंत अंथरायचे आणि मग टँकरची वाट पाहायची, हे श्रीमंतीचे लक्षण मानण्याचे दिवस 2016 मध्येच संपायला हवे होते.

पाणी साठवण्याचा हिशेबही असाच मांडता येतो. शंभर चौरस मीटर छपरावर साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडला तर पंचाहत्तर हजार लिटर होतात. गळती, बाष्प वगळून साठ हजार तरी हाती येतात. पन्नास घरांचे तीस लाख लिटर. ते सगळे गटारात जाते. मात्र शोषखड्डा काळ्या मातीतच संपवला तर तो पहिल्याच पावसात तुडुंब भरून डास पोसतो. तो मुरमापर्यंत किंवा भेगाळ दगडापर्यंत नेलाच पाहिजे. ठिबक बसवताना गाळणी चांगली घ्यावी. इथल्या बोअरच्या जड पाण्याने ड्रिपरवर क्षार साचतात. ठरावीक अंतराने आम्लप्रक्रिया केली नाही तर दोन उन्हाळ्यांत निम्मी छिद्रे बंद होतात. झाडाच्या आळ्यात तुरीचे भुसकट किंवा पालापाचोळा चार बोटे पसरवावा. तुरीच्या मुलखात तो फुकटासारखा मिळतो, आणि लोक तो जाळतात.

मे महिन्यात पाने कोणाला असतात?

झाड निवडताना नर्सरीवाल्याला हा एक प्रश्न विचारला तरी अर्धे काम होते. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने टाकतो आणि एप्रिलमध्ये पुन्हा गच्च भरतो. करंजाला चैत्रात तुकतुकीत पालवी येते. चिंचेची सावली भर उन्हात टिकते. सागाची पाने मात्र नेमकी तेव्हाच नसतात. बहावा एप्रिल-मेमध्ये पिवळ्या घोसांनी लखलखतो, पण फुलताना त्याच्यावर पाने थोडी. तो डोळ्यांसाठी लावावा, बाकाशेजारी नव्हे. घराच्या पश्चिमेला, जिथून तीन ते सहाचे ऊन भिंत तापवते, तिथे करंज किंवा कडुनिंब असला की खोली निवलेली राहते.

पण म्हणून सगळेच कडुनिंब लावू नयेत. गेल्या काही वर्षांत तेलंगण आणि कर्नाटकात कडुनिंबाचे शेंडे वाळण्याचा रोग पसरला आणि ओळीने लावलेली झाडे एकाच हंगामात तपकिरी पडली. अमेरिकेतले वृक्षतज्ज्ञ फ्रँक सँटामोर यांनी 1990 मध्ये सुचवलेला दंडक कामाचा आहे: एकाच जातीची झाडे एकूण झाडांच्या दहा टक्क्यांहून जास्त नकोत. छोट्या लेआउटला हे जमत नसेल तर पाचांतले एक, याहून पुढे जाऊ नये.

फुलांच्या क्रमाचाही विचार करावा. बंगळुरूच्या रस्त्यांवर एका झाडाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा, अशी लागवड ज्यांच्या नावावर जमा आहे ते जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बीगल 1893 साली हिंदुस्थानात आले ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्याच्या नोकरीत. लालबागेत ते 1908 मध्ये गेले. त्यांची युक्ती कोरडवाहू पट्ट्यात देशी झाडांनीही साधते. माघ-फाल्गुनात काटेसावर आणि पळस, मग पांगारा, वैशाखात बहावा आणि शिरीष, पावसाळा संपताना रक्तकांचन, दिवाळीच्या आसपास बुचाची पांढरी फुले. बुचाचे लाकूड ठिसूळ, वादळात मोडते. तो रस्त्याकडेला नको. गुलमोहराचेही तेच. मादागास्करचा हा पाहुणा देखणा आहे, पण पहिल्या वळवाच्या वाऱ्यात त्याची फांदी कुणाच्या गाडीवर पडेल सांगता येत नाही. मोकळ्या मैदानात एखादा असावा.

काही झाडे सरळ नाकारावीत. झटपट हिरवी भिंत म्हणून कोनोकार्पस लावण्याची लाट आली होती. गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. त्याची मुळे गटारे आणि केबलींत शिरतात आणि परागकणांचा त्रास होतो, अशा तक्रारी आहेत. कुंपणाला मेंदी, अडुळसा, कोरांटी यांतले काहीही बरे. कण्हेर पाण्याविना तगते, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. खेळण्याच्या जागेजवळ ती लावू नये. कमानीजवळच्या पामबद्दल एवढेच, की दहा हजार रुपयांच्या पामखाली एक माणूससुद्धा उभा राहू शकत नाही.

मोठी तयार झाडे बहुधा आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकने येतात. उद्घाटनाच्या फोटोसाठी ती चांगली. गोदावरीकाठच्या मातीचा गोळा काळ्या मातीत बसवला की मुळे गोळ्याबाहेर पडायला तयार होत नाहीत. पाच-सहा फुटांचे निरोगी रोप चार-पाच वर्षांत त्याला गाठते आणि खर्च दहावा हिस्साही येत नाही. रोप घेताना पिशवी फाडून एक-दोन नमुने पाहावेत. मुळे पिशवीच्या तळाशी गोल गुंडाळलेली असतील तर ती अख्खी खेप परत करावी.

रिकाम्या प्लॉटांकडेही लक्ष हवे. 1950 च्या दशकात पुण्यात प्रथम दिसलेले गाजरगवत आज प्रत्येक नव्या लेआउटचे पहिले रहिवासी असते. ते फुले येण्याआधी, ओल असताना, मुळासकट उपटावे. हातमोजे घालून. त्या जागी टाकळ्याचे बी फेकले तर गाजरगवताला जागा उरत नाही. ओढ्याकाठी वेडी बाभूळ शिरली असेल तर ती लहानपणीच खणून काढावी. नंतर ती तोडली तरी परत फुटते.

कागद आणि माणसे

पुण्याच्या हडपसरजवळ सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी सतीश मगर यांच्या पुढाकाराने आपली चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र आणून 2000 च्या सुमारास मगरपट्टा सिटी उभी करायला घेतली. जमीन विकून न टाकता तिच्यात भागीदार राहिल्यामुळे मधली मोठी बाग ही त्यांना उरलेली जागा वाटली नाही; नगराची आखणीच तिच्याभोवती झाली. बऱ्याच लेआउटांत उलटे असते. विकला न जाणारा तिरपा कोपरा, विजेच्या तारांखालची पट्टी आणि ट्रान्सफॉर्मरची मागची बाजू मिळून ‘उद्यान’ होते. महाराष्ट्राच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या अभिन्यासात 10 टक्के मोकळी जागा ठेवावी लागते. कर्नाटकातही मंजूर आराखड्यात उद्यानासाठी जागा राखलेली असते. ती जागा कुठे आहे आणि तिचा आकार कसा आहे, हे खरेदीआधी मंजूर नकाशावर स्वतः पाहावे. पत्रकातले चित्र नकाशा नसते.

2016 च्या रेरा कायद्यानुसार उद्यान आणि खेळाची जागा सामाईक क्षेत्रात मोडते. ठरावीक मर्यादेहून मोठ्या प्रकल्पाची नोंदणी सक्तीची आहे, आणि मंजूर आराखडा बदलायचा तर दोनतृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. बागेच्या जागी मंगल कार्यालय उभे राहताना दिसले, तर दाद मागण्याची वाट इथून जाते.

काम कोणाला द्यावे? लँडस्केप आर्किटेक्ट आराखडा करतो, ठेकेदार लागवड करतो, माळी ती जगवतो. छोट्या लेआउटला तिघांचा खर्च झेपत नसेल तर आराखड्यापुरते तरी तज्ज्ञाचे पैसे द्यावेत आणि त्याच्याकडून चार कागद मागावेत: उतार आणि पाण्याच्या वाटांचा नकाशा, झाडांची जातवार यादी, ठिबकची आखणी आणि वर्षभराचे देखभालीचे वेळापत्रक. ठेकेदार निवडताना त्याने मागच्या महिन्यात केलेली बाग पाहू नये. तीन वर्षांपूर्वी केलेली पाहावी, आणि शक्यतो एप्रिलअखेर.

लागवड जूनच्या पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर करावी. सप्टेंबरात लावलेल्या रोपाला मुळे पसरायला वेळ मिळत नाही. रोपवाटिकेला मागणी मात्र आदल्या डिसेंबरात नोंदवावी, कारण ऐन जूनमध्ये करंज आणि शिरीष संपलेले असतात आणि उरतात ते कोनोकार्पस. करारात देखभालीची मुदत दोन उन्हाळ्यांची लिहावी, मेलेले रोप स्वखर्चाने बदलण्याची अट घालावी आणि एकूण रकमेचा पाचवा हिस्सा दुसऱ्या मे महिन्यानंतर, झाडे मोजून, द्यावा. माळ्याचा पगार आणि पाण्याचे बिल कोणाच्या नावे निघणार, हे त्याच कागदावर असावे; रहिवाशांचा संघ स्थापन व्हायला बहुतेक वर्ष-दोन वर्षे जातात, आणि तोपर्यंत नळाची किल्ली कुणाकडे आहे हेच कुणाला ठाऊक नसते.